वयाचा दोष नव्हे, आजार

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील ‘शब्द आठवेनात? वयाचा दोष!’ हा लेख दिशाभूल करणारा आहे.

एक, भाषेवरच घाला घालणारा डिमेन्शिया केवळ म्हातारपणी होत नाही. अनेकदा तो पन्नाशी-साठीतच सुरू होतो. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्येच त्याची स्वतंत्र नोंद केली आहे.

दोन, ‘स्मरणशक्ती चांगली, तर काळजी नको’ हे साफ चूक. या आजारात सुरुवातीला स्मृती बहुधा शाबूत असते. भाजीचा हिशेब चोख ठेवणारा माणूस ‘गाळणी दे’ म्हटल्यावर ‘गाळणी म्हणजे काय?’ असे विचारतो. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला गाठावे.

तीन, बरे करणारे औषध नाही, एवढेच लेखकाचे खरे. म्हणून तपासणी व्यर्थ कशी? वाचा-उपचारांनी संवाद जास्त काळ टिकवता येतो. बोलता येते तोवर फोटोंची वही करावी, नेहमीची वाक्ये ध्वनिमुद्रित करावीत, बँक आणि इच्छापत्राची कामे उरकावीत. घरच्यांनी लहान वाक्ये बोलावीत, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, चारचौघांत चुका काढू नयेत.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचा-उपचारतज्ज्ञ, मिरज