फ्लेक्सऐवजी रेडियम

कृष्णा-वारणेच्या काठावरच्या गावांतले आम्ही मोटारसायकल चालवणारे तरुण आजपासून ठरवतो, की आमच्यातला कुणी रस्त्यावर गेला तर त्याचा फ्लेक्स लावायचा नाही. चौकात गॉगल घातलेला मोठा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली मित्रमंडळींच्या लहान फोटोंच्या रांगा, एवढ्यावरच आमचं दुःख आजवर थांबत आलं. दशक्रिया उरकली की फ्लेक्स उतरतो आणि कुणाच्या तरी गोठ्यावर पांघरला जातो. ज्या कारणानं पोरगा गेला ते कारण मात्र त्याच रात्री पुन्हा रस्त्यावर उभं असतं.

आमचा मित्र गेल्या गळीत हंगामात गेला. त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना ते नको आहे. रात्रपाळी करून परतताना तो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रेडियम नाही. चाकांना दगडांची उटी आणि मागे चार दगड मांडलेले, तीच काय ती खूण. समोरून कुणीतरी अपर लाईट मारत आलं आणि त्या झगमगाटात ट्रॉली दिसेनाशी झाली. हेल्मेट होतं, पण टाकीवर ठेवलेलं. भेटायला आलेला जो तो म्हणाला, त्याची वेळच भरली होती. आम्हाला हे मान्य नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाची वेळ भरत नाही.

हिशोब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर कापून झालेलं असतं. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. वेग ८० केला की सगळं मिळून साठ मीटरच्या आसपास जातं, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. आपल्या साध्या गाडीच्या डिपर लाईटमध्ये इतक्या लांबची काळपट उसाची मोळी दिसत नाही. म्हणजे अंधारात ८० नं जाणारा माणूस जे दिसलेलंच नाही त्याच्यावर भरवसा टाकून चाललेला असतो. आमचा मित्र उत्तम गाडी चालवायचा. त्या रात्री त्याचं कसब वापरायला त्याच्याकडे अंतरच नव्हतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं.

आता ट्रॉलीबद्दल. ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे आणि आम्ही ते करणार नाही. तो रात्रंदिवस खेपा मारतो, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत स्टेअरिंगवरच डुलक्या घेतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडल्या की मागच्या ट्रॉलीपर्यंत दिव्याची वायर पोचत नाही. पोचली तरी बाहेर लोंबणाऱ्या उसामागं दिवा झाकला जातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. इलाजही ठाऊक आहे: उसाच्या मोळीवरून मागे सोडायचा लाल कापडी रिफ्लेक्टर आणि बाजूंना रेडियमच्या पट्ट्या. बैलगाडीलाही हेच. त्याला लागणारा पैसा एका फ्लेक्सपेक्षा जास्त नाही.

म्हणून साखर कारखान्यांकडे आमची मागणी आहे, की रिफ्लेक्टर नसलेलं वाहन काट्यावर घेऊ नका. ऊस किती टन आला हे तुम्ही किलोपर्यंत मोजता, तर ट्रॉलीच्या मागे पट्टी आहे का हे पाहायला अवघड काय? पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला घ्यायला आणि निघताना दगड उचलायला सांगा. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात, आणि पुढचा मोटारसायकलवाला त्यांवरून उडतो. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देतानाच ही अट घालावी आणि न पाळणाऱ्याला जाब विचारावा.

पण मागणी करून आम्ही मोकळे होणार नाही. हेल्मेट डोक्यावर घालू आणि पट्टा लावू, मागे बसलेल्यालाही घालायला लावू. कायद्याचं कलम १२९ दोघांनाही सारखंच लागू आहे. हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसण्याचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा अनेक अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष आहे. सगळे वाचत नाहीत, हे आम्ही लपवत नाही. तरी ज्याच्यावर आयएसआयचा शिक्का नाही अशी टोपी घेऊन पोलिसांना चुकवण्यात काय मिळवलं? काढून ठेवलेले आरसे परत लावू. रात्री वेग उजेडाच्या हिशोबानं ठेवू. अठरा पुरी न झालेल्या भावाला गाडीची किल्ली देणार नाही, तो कितीही रुसला तरी.

आणि अपघात दिसला तर मोबाईल १०८ लावायला काढू, व्हिडिओसाठी नाही. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती आता सोडायला हवी: २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ मध्ये लागू झाली आहे. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आम्ही लिहिणार आहोत, कारण पैशाच्या घोरापायी माणूस दवाखान्याच्या दारात ताटकळतो.

दसऱ्याला आपल्याकडे ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पूजला जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटतात. गावोगावच्या मंडळांना, तालमींना, ट्रॅक्टरमालकांना आमची विनंती आहे: या दसऱ्याला पूजेच्या ताटात रेडियमची पट्टी ठेवा आणि हार घालण्याआधी ती ट्रॉलीला लावा. पट्ट्या आम्ही आणून देऊ. फ्लेक्ससाठी जी वर्गणी तुम्ही आम्हाला दिली असती, ती आत्ताच द्या.