जुन्या पिकअपचें इंजिन-तेल : कोणतें घ्यावें व कोणाच्या सांगण्यावरून

ज्या शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलजोडी व गाडी असे, त्याच्या दारांत आतां बहुधा पिकअप उभी असते. आणि ती पुष्कळ वेळां नवी नसून दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते. यांत कमीपणा मानण्याचें कांहीं कारण नाहीं. कांदा-टोमॅटोच्या भावावर भरंवसा ठेवून नव्या गाडीचे हप्ते फेडण्यापेक्षां, चालू स्थितींतील जुनी गाडी पदरांत पाडून घेणें हा व्यवहार शहाणपणाचाच आहे. परंतु गाडी घेतांना आमचे बंधु टायर दाबून पाहतात, हौद्याचा पत्रा ठोकून पाहतात, गाडीवर बँकेचा बोजा आहे कीं काय हें विचारतात. आणि इंजिनांत आजवर कोणतें तेल पडत आलें व पुढें कोणतें घालावयाचें, हा प्रश्न मात्र मेस्त्रीच्या किंवा दुकानदाराच्या मर्जीवर सोडून देतात. आम्हांस हें मुळींच पसंत नाहीं.

तेल ही किरकोळ बाब आहे असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, टोमॅटोचे क्रेट भरून वाशीच्या बाजारास निघालेली गाडी कसाऱ्याच्या घाटांत मध्यरात्रीं बसली, तर नुकसान इंजिनाचें कीं मालाचें? आमच्या पाहण्यांतील एका बागाईतदारांनीं चांगली चालती पिकअप घेतली. विकणाऱ्याच्या ओळखीच्या मेस्त्रीनें पिंपांतील सुटें तेल स्वस्तांत भरून दिलें, आणि पांच महिन्यांच्या आंत बेअरिंगें घासून इंजिन धरलें. त्या हंगामाची सारी पट्टी इंजिनाच्या कामांत गेली. गाडीवांचून शेतांत पडून राहिलेला माल तो वेगळाच. दोष तेलाचाच होता हें कोणास सिद्ध करतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. मात्र तें तेल कोणत्या जातीचें होतें हें मालक, मेस्त्री व दुकानदार या तिघांपैकीं एकासही सांगतां आलें नाहीं.

या बाबतींत आमच्या लोकांत दोन समजुती रूढ आहेत. आपला मुलूख उष्ण व गाडी जुनी, सबब तेल जितकें दाट तितकें चांगलें, ही पहिली. आणि जें महाग तेंच उत्तम, ही दुसरी. पहिली समजूत अधिक नुकसानीची आहे, म्हणून तिचा विचार आधीं करूं.

डब्यावर १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-५० असे आंकडे छापलेले असतात. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या एसएई या संस्थेनें १९११ सालीं तेलाच्या दाटपणाची प्रतवारी प्रथम ठरविली; आजचे आंकडे तिच्याच वाढत आलेल्या पद्धतीचे आहेत. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. मागचा आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेवर तेलाचा दाटपणा किती राहतो तें सांगतो. ४० या आंकड्याचें तेल त्या उष्णतेवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक दाट असावें लागतें, ३० चें ९.३ ते १२.५, आणि ५० चें १६.३ ते २१.९. आतां १५ डब्ल्यू तेलाची थंडींतील कसोटी शून्याखालीं २० अंशांवर घेतात. आमच्या निफाडकडे पौषांत पारा कितीही उतरला तरी तेथवर जात नाहीं. तेव्हां थंडीच्या दृष्टीनें १५ डब्ल्यू आम्हांस भरपूर आहे. राहिली उष्णता. इंजिनांतील पाण्याची उष्णता थर्मोस्टॅट एका ठराविक मर्यादेंत राखतो. बाहेर चंद्रपूरचा वैशाख असो कीं निफाडचा पौष असो, तापलेल्या इंजिनांतील तेलास बाहेरचा ऋतु फारसा ठाऊक नसतो. तेल खरोखर तापतें तें अतिभारानें व घाटानें. आणि त्यावर उपाय भार कमी करणें हा आहे.

गरजेहून दाट तेलाचा तोटा असा कीं, सकाळीं गाडी चालू केल्याबरोबर तें टर्बोपर्यंत व वरच्या व्हॉल्व्हांपर्यंत लवकर चढत नाहीं. तेवढ्या क्षणांत कोरडें घर्षण होतें, आणि इंजिनाच्या एकंदर झिजेचा मोठा वाटा अशा थंड सुरुवातीचाच असतो. शिवाय डिझेलही थोडें अधिक जळतें. इंजिन फार झिजलें असेल, निळा धूर येत असेल व तेल सारखें वर घालावें लागत असेल, तर पुस्तिका परवानगी देत असल्यास १५ डब्ल्यू-४० ऐवजीं २० डब्ल्यू-५० घालून एक हंगाम काढतां येतो. पण तें खोकल्यावरचें चाटण झालें. झिजलेल्या रिंगा दाट तेलानें भरून येत नाहींत.

आंकड्यांपेक्षां अक्षरें अधिक महत्त्वाचीं आहेत, आणि तींच कोणी वाचीत नाहीं. डब्यावर एपीआय या अमेरिकन संस्थेचा वर्ग दिलेला असतो. त्यांत एस हें अक्षर ठिणगीवर चालणाऱ्या, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनांकरितां, व सी हें डिझेलकरितां. डिझेलच्या वर्गांत सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा व सीके-४ हा २०१६ च्या अखेरचा. सामान्यतः पुढचा वर्ग मागच्याच्या जागीं चालतो. त्याच २०१६ सालचा एफए-४ हा वर्ग मात्र मुद्दाम पातळ केलेल्या तेलाचा आहे. तो जुन्या इंजिनांत कोणीं घालूं नये.

हे वर्ग कां बदलत गेले हें समजलें म्हणजे निवड सोपी होते. डिझेलांतील गंधक जळून आम्लता उत्पन्न होते, व तिला मारण्यासाठीं तेलांत क्षारयुक्त द्रव्यें घालावीं लागतात. भारत स्टेज तीनच्या डिझेलांत दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चाले. स्टेज चारमध्यें ती मर्यादा ५० वर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहामध्यें ती केवळ १० आहे. पंपावर आज जुन्या गाडीसही हेंच स्वच्छ डिझेल मिळतें. परंतु स्टेज सहाच्या बहुतेक डिझेल गाड्यांस धुरांतील काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. मेस्त्री लोक तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. तेलांतील क्षारद्रव्यांची राख मात्र जळत नाहीं. ती गाळणींत सांचत जाते. म्हणून अशा गाडीस कमी राखेचें तेल, म्हणजे सीजे-४ वा सीके-४, किंवा पुस्तिकेंत सी-३ असें युरोपीय मानक सांगितलें असल्यास तेंच, घालणें अवश्य आहे. या सी-३ चा वर सांगितलेल्या सी-वर्गाशीं घोटाळा करूं नये. तीं दोन निराळ्या संस्थांचीं मानकें आहेत.

ही गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, २०२० नंतरच्या गाड्याही आतां जुन्या बाजारांत येऊं लागल्या आहेत, आणि मेस्त्रीचा हात मात्र सवयीनें त्याच पूर्वीच्या डब्याकडे जातो. जुन्या स्टेज तीनच्या इंजिनांत चांगलें नवें तेल पडलें तर चार पैसे अधिक जातील, इतकेंच. उलट नव्या गाडींत जुन्या वर्गाचें तेल पडत राहिलें तर गाळणी तुंबते, गाडीचा दम जातो, आणि ती गाळणी बदलण्याचा खर्च तेलाच्या कित्येक डब्यांहून अधिक असतो. गाडी कोणत्या स्टेजची, हें नोंदणीच्या कागदावर लिहिलेलें असतें. तें पाहण्यास मेस्त्री लागत नाहीं. सीएनजीवर चालणारी पिकअप असेल तर हा सारा विचार तिला लागू नाहीं. ती ठिणगीवर चालते, व तिचें तेल निराळें.

आमची नोकरी सारी कचेरीच्या कागदांत गेल्यामुळें असेल, पण आमचा भर पुस्तिकेवर आहे. जुन्या गाडीबरोबर ती क्वचितच मिळते. तरी गाडीचें वर्ष व नमुना सांगितल्यास कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे ती पाहावयास मिळूं शकते, आणि बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही ती असते. तेलाचा आंकडा, वर्ग, किती लिटर व किती किलोमीटरनंतर, एवढ्या चार गोष्टी उतरून घेऊन चालकाच्या बाजूच्या दारावर आंतून चिकटवाव्या. सातबारा पाहिल्याशिवाय बांधावर पाय न ठेवणारा मनुष्य येथें तोंडी माहितीवर कां विसंबतो, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं.

विकणारा कांहींही सांगो, गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत तेल व तेलाचा फिल्टर दोन्ही बदलावीं. निघालेलें तेल एका परातींत घेऊन नीट पाहावें. काळें असलें तर भिण्याचें कारण नाहीं. डिझेलच्या इंजिनांत काजळी धरून ठेवणें हें तेलाचें कामच आहे. दुधाळ दिसलें तर पाणी शिरत आहे, व चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे असें समजावें. पट्टीवर तेल वाढलेलें दिसलें तर आनंद मानूं नये. त्यांत डिझेल उतरत असतें. इंजिन रॉकेलनें किंवा डिझेलनें धुवून काढण्याची चाल गांवोगांव आहे, ती आम्हांस घातक वाटते. कानाकोपऱ्यांत राहिलेलें रॉकेल नव्या तेलास पातळ करतें. धुवावयाचेंच असेल तर योग्य वर्गाचें साधें तेल घालून दोन-तीन हजार किलोमीटरांनीं तें पुन्हां बदलावें.

महाग तेलाविषयीं थोडक्यांत. सिंथेटिक तेल उष्णतेंत अधिक टिकतें, यांत शंका नाहीं. आणि पुस्तिका तें मागत असेल तर प्रश्नच उरत नाहीं. पण जी जुनी गाडी १५ डब्ल्यू-४० च्या साध्या तेलावर चालण्यासाठीं बनली आहे, तिला तेंच तेल वेळच्या वेळीं देणें, हें महागडें तेल घालून दोन हंगाम विसरून जाण्यापेक्षां बरें. पुस्तिकेंतील किलोमीटर चांगल्या रस्त्यासाठीं असतात. आमच्या गाड्या शेताच्या धुळींतून चालतात आणि दीड टनाच्या हौद्यांत अडीच टन माल वाहतात. त्यांचें तेल निम्म्या अंतरावर बदलावें, व हंगाम संपून गाडी नुसती उभी राहिली तरी वर्षांतून एकदां बदलावेंच. एअर फिल्टर धुळीनें भरला असेल तर उत्तम तेलही कांहीं करूं शकत नाहीं. घरीं ट्रॅक्टरचा डबा असतो, त्यांतील तेल चालेल काय, असें पुष्कळ विचारतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचें तेल असेल आणि आंकडा व वर्ग जुळत असेल तर खुशाल चालेल. परंतु ट्रॅक्टरच्या गिअर, हायड्रॉलिक व तेलांतील ब्रेकांसाठीं जें तेल मिळतें, तें इंजिनांत घालणें म्हणजे इंजिन मारणें होय.

राहिला सुट्या तेलाचा प्रश्न. पिंपांतून मापानें मिळणाऱ्या तेलांत काय आहे हें कोणासच ठाऊक नसतें; वापरलेलें तेल गाळून तेंच पुन्हां विकलें जाण्याचा धोका राहतो, आणि नामांकित डबे रिकामे झाल्यावर विकत घेऊन पुन्हां भरणारेही आहेत. म्हणून शिक्कामोर्तब डबाच घ्यावा, पावती घ्यावी, आणि डबा रिकामा झाल्यावर त्यास भोंक पाडूनच भंगारांत द्यावा. आमची सूचना अशी आहे कीं, खतें-बियाण्यांप्रमाणें आपल्या संघानेंच दोन-तीन ठराविक वर्गांचीं तेलें थेट कंपनीच्या वितरकाकडून बंद डब्यांत आणून सभासदांस द्यावीं. भाव कदाचित फारसा उतरणार नाहीं, पण माल खरा मिळेल. त्याच जागीं वापरलेल्या तेलाचें एक पिंपही ठेवतां येईल. तें तेल विहिरीजवळ ओतणें किंवा धूळ बसावी म्हणून अंगणांत शिंपडणें थांबलें पाहिजे. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें व अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारासच द्यावयाचें असतें. पिंप भरल्यावर तें कोणी व केव्हां न्यावयाचें, एवढाच करार संघास करावा लागेल. येत्या सभेपुढें हा विषय ठेवावा असा अर्ज आम्ही व्यवस्थापक मंडळाकडे दिला आहे. ज्यांच्या दारांत जुनी पिकअप आहे त्या सभासदांनीं त्या दिवशीं आपल्या गाडीचें वर्ष व स्टेज लिहून आणावी, म्हणजे कोणत्या वर्गाचे किती डबे लागतील याचा अंदाज तेथेंच करतां येईल.