पाळणाघर बंधनकारक, प्रशिक्षण ऐच्छिक?

कारखान्यातील पाळणाघर बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या हाती असावे, अशी अट १९४८ च्या कारखाने कायद्यात होती. २०१७ मध्ये संसदेने प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती करून ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले; मातेला दिवसातून चार भेटींचा हक्कही दिला. मूल सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी मात्र त्या कलमात चकार शब्द नव्हता. २०१८ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु सूचनेला कायद्याचा धाक नसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ५० चा आकडा आणि चार भेटी तेवढ्या जपल्या. मातेच्या चार भेटी सोडल्यास उरलेला दिवस मूल ज्यांच्या स्वाधीन असते, त्यांची पात्रता ठरविणे हेही संसदेचेच कर्तव्य ठरते.