चेंडूला लाथ मारून पोट भरते काय?

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो, तेवढ्यात वस्तीतील एक ताई मुलाला घेऊन पुढे आल्या. मुलगा अकरा वर्षांचा, बगलेत चेंडू. ताई म्हणाल्या, "जयभीम भाऊ. शाळेतले सर म्हणते, याले क्रीडा प्रबोधिनीत पाठवा. याचे बाबा म्हणते, चेंडूले लाता मारून पोट भरते काय? आता तुमीच सांगा, पाठवू का नोको?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. 'पुढच्या रविवारी बोलू' म्हणालो. त्याचे कारण शेवटी सांगतो. अकोला आणि अमरावतीच्या कितीतरी घरांत हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून उत्तर या सदरातूनच देतो.

आधी एका मुलाची हकिकत ऐका. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा, जन्म २००० सालचा, घर रिक्षाचालकाचे. तो कोणत्या जातीचा, हे मी विचारत नाही. कष्टकऱ्याच्या घरचा आहे, एवढे नाते मला पुरे आहे.

आपल्याकडे तालीम म्हटले की कुस्ती आठवते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि गाव लोटते. अशा गावात पोराच्या पायाला चेंडू लागला, यात नवल नाही. परंतु गल्लीत चेंडू खेळणारी मुले हजारो असतात, त्यातला एखादाच पुढे जातो. अनिकेत कसा गेला? त्याला लहान वयातच पुण्याच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला. ही शासनाची निवासी योजना आहे. राहणे, जेवण, शाळा आणि शिक्षक एकाच जागी. रोज सकाळ-संध्याकाळ मैदान. रिक्षाच्या कमाईत खेळाडूचा खुराक आणि बूट भागणे कठीण असते, तो भार तिथे शासन उचलते.

तिथून हा मुलगा भारताच्या १७ वर्षांखालील संघात आघाडीचा खेळाडू म्हणून पोहोचला. २०१७ साली या वयोगटाचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. सामने दिल्लीत होते. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ तारखेला कोलंबियाकडून १-२ आणि १२ तारखेला घानाकडून ०-४ असा पराभव झाला. तीन सामने, तीन हार. आपल्या घरी अशी गोष्ट झाली असती, तर 'सांगितलं होतं ना!' म्हणायला शेजारीपाजारी धावले असते.

पण त्या मुलांना घरी पाठवले नाही. फुटबॉल महासंघाने त्यांचाच 'इंडियन ॲरोज' हा संघ करून आय-लीग या व्यावसायिक स्पर्धेत उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर या पोरांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवले. तीनपैकी दोन गोल अनिकेतचे. दिल्लीतील शेवटच्या पराभवाला सात आठवडे झाले होते. पुढे त्या हंगामात हा संघ तळाला राहिला, हेही सांगितले पाहिजे. पोरे हरत होती, पण खेळत होती आणि खेळत खेळत शिकत होती.

२०१९ मध्ये त्याला जमशेदपूरने घेतले, २०२१ मध्ये हैदराबादने. २० मार्च २०२२ रोजी हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली, त्या विजेत्या संघात हा मुलगा होता.  एवढे वाचून ताईंना वाटेल, म्हणजे पोट भरते! थांबा, दुसरी बाजूही ऐका.

आघाडीच्या खेळाडूचे काम गोल करण्याचे. नेमक्या त्याच जागेवर आपले क्लब परदेशी खेळाडू आणतात. हैदराबादने जिंकलेल्या त्या हंगामात ओगबेचे या नायजेरियाच्या खेळाडूने एकट्याने १८ गोल केले. असा गडी मधोमध उभा असला की आपल्या पोराला कडेने धावावे लागते, नाहीतर बाकावर बसावे लागते. गोल कमी होतात आणि पेपरात नाव येत नाही. त्यात गुडघा गेला की हंगाम गेला. तिशी उलटली की पाय मंदावतात. चार पैसे मिळतात ते मोजक्यांना. म्हणून याच्या बाबांची काळजी चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या बापाने हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग पाठवावे की नाही? माझे उत्तर आहे, पाठवा. कारण तो तिथे नुसता चेंडू खेळायला जात नाही, वसतिगृहात जातो. वसतिगृहाचे मोल आपल्या समाजाइतके कोणाला कळणार? राजर्षी शाहू महाराजांनी त्याच कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह काढले. आपल्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. या थोरांना ठाऊक होते की गरिबाच्या मुलात बुद्धी असतेच, नसते ते दोन वेळचे जेवण, दिवा आणि अभ्यासाला जागा. खेळाचेही तसेच आहे. नागपूरला विजय बारसे सरांना २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुले पावसात फुटकी बादली लाथाडताना दिसली आणि त्यांनी त्या मुलांना खरा चेंडू दिला. 'झुंड' चित्रपट पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

तेव्हा ताई, मुलाला पाठवा, पण पुस्तक सुटू देऊ नका. नुसता खेळ हे एक टोक, खेळ बंद हे दुसरे टोक. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग इथेही उपयोगी पडतो. दहावी-बारावी झालीच पाहिजे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यालाही शिक्षणाची अट असतेच. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. चाचणीत उंची, वजन, धावण्याचा वेग, उडी आणि दम पाहतात. आपल्या अकोल्यातही प्रबोधिनी आहे आणि मुष्टियुद्धात तिचे नाव आहे. मुलगी असेल तर तिलाही हाच न्याय लावा.

आता मी गप्प का राहिलो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत असाच एक मुलगा होता. पायात वारे भरलेले! त्याचे वडील माझ्याकडे अर्ज घेऊन आले. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि जन्म प्रमाणपत्रावरची तारीख जुळत नव्हती. मी कारकून, कागद दुरुस्त करून घेणे हे माझे रोजचे काम. दोन-तीन खेटे मारले असते तर काम झाले असते. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी त्याचे वय उलटून गेले. आज तो एमआयडीसीत डाळ मिलमध्ये पोती उचलतो. रस्त्यात भेटला की हसून "जयभीम काका" म्हणतो. त्याच्या मनात काही नसेल, पण माझी मान खाली जाते.

मोर्चे काढले, जयंतीच्या वर्गण्या गोळा केल्या, भाषणे केली. एका पोराचा एक कागद मात्र वेळेत केला नाही. या चुकीसाठी मी दुसऱ्या कोणाला जबाबदार धरू शकत नाही.

म्हणून ताई, येत्या रविवारी मुलाचा दाखला आणि जन्म प्रमाणपत्र घेऊन विहारात या. दोन्हींवरच्या तारखा मी स्वतः ताडून पाहीन. काही चूक निघाली तर सोमवारी सुटी टाकून तुमच्यासोबत येईन. वस्ती-वस्तीतील शिकल्यासवरल्या बांधवांनीही विहारात आठवड्याला एक तास एवढ्याच कामासाठी बसावे. गोल मुले करतील, कागद आपण करू.

जयभीम!