‘फॉरमॅट मारू का?’ याला हो म्हणायच्या आधी

रस्ते, पाणी आणि राजकारण आज बाजूला ठेवतो. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटी येतो गावाच्या कारभारावरच. जरा लांब आहे, वाचा.

आपल्या सिल्लोडात कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला पोरगा पहिला प्रश्न विचारतो, “फॉरमॅट मारू का?” आणि आपण डॉक्टरपुढं डोलवावी तशी मान डोलवतो. पोरगं वाईट नसतं. थोडक्या पैशात, तासाभरात त्याला मशीन चालू करून द्यायचं असतं. तो ‘सी’ ड्राइव्ह पुसतो, ‘डी’ला हात लावत नाही. पण आपण सगळं ठेवतो कुठं? डेस्कटॉपवर, नाहीतर डाउनलोडमध्ये. हे दोन्ही ‘सी’मध्येच असतं हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मशीन चकाचक होऊन येतं आणि दोन दिवसांनी आडत दुकानातला मुनीम विचारतो, “मागच्या सालची खाती कुठंयत?” जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवा. तिथं ‘फॉरमॅट मारला साहेब’ हे उत्तर चालत नाही.

काही शहाणे म्हणतात, आम्ही ‘डी’ला कॉपी ठेवतो. अहो, ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे. कपाटच जळालं तर वरचा खण काय आणि खालचा काय! आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, आणि चालू मशीन धाडकन बंद पडण्याचा मार डिस्क मुकाट सोसत असते. एक दिवस ती बसते ती बसतेच. डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर पुसलेला डेटा थोडाफार परत निघतो. नव्या एसएसडीतून तो निघण्याची आशा फार कमी.

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. जुन्या साप्ताहिकांचे अंक पेजमेकरमध्ये लागायचे, मजकूर श्रीलिपीत नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप व्हायचा. माझ्या ओळखीच्या एका संपादकानं सगळे अंक इमानदारीनं सीडीवर घेऊन ठेवले होते. फॉरमॅटनंतर फाइली परत टाकल्या, पण उघडल्यावर पडद्यावर नुसतं इंग्रजी अक्षरांचं खरकटं. फॉन्ट नाही, श्रीलिपीचं लॉक हरवलेलं, पेजमेकर तर कंपनीनंच कधीचं सोडून दिलेलं. फाइल होती, पण बातमी नव्हती. म्हणून मी म्हणतो, बॅकअप ‘घेतलाय’ याला काही किंमत नाही. तो परत टाकून, उघडून, वाचून पाहिलाय का, एवढंच विचारा.

हे फक्त खेड्यापाड्यातलं नाही बरं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, कामं हातानं करायची वेळ आली. या मर्स्ककडं संगणकजाळ्याचा कारभार सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घाना देशातला एक. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! शेवटी त्यातला डेटा डिस्कवर घेऊन माणसानं विमानानं नेला, तेव्हा कंपनी उभी राहिली. लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याचं हे एवढंच उदाहरण मला माहीत आहे.

यातून आपल्याला उपयोगाचं काय? गुगल ड्राइव्हवर सगळं आपोआप जातं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ऐकावं. इकडं फाइल पुसली की तिकडूनही पुसली जाते, कचरापेटीत 30 दिवस राहते आणि मग संपलं. एक प्रत मशीनपासून तुटलेलीच हवी, वायर काढून कपाटात ठेवलेली. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅकरांनी कुलूपबंद केले. दोन आठवडे रुग्णांच्या नोंदी कागदावर चालल्या. तिथला ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरवरून, असं सरकारनं संसदेत सांगितलं.

आता गावावर येतो. सातबारा राज्याच्या सर्व्हरवर आहे, त्याची काळजी इथल्या एका मशीनवर नाही. शाळेचं जनरल रजिस्टर अजून कागदावर आहे, हे नशीबच म्हणायचं. पण छोट्या पतसंस्था? कुठल्यातरी ओळखीच्या माणसानं बनवून दिलेलं सॉफ्टवेअर, एकच कॉम्प्युटर, तो फक्त एकाच क्लार्कला कळतो आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह दिवसरात्र त्याच मशीनला खुपसलेला. मी अशी ऑफिसं पाहिलीत. व्हायरस आला तर तो पेनड्राइव्ह पहिल्या फटक्यात जाणार. भाजीवाल्या मावशी रोज पन्नास-शंभराची पिग्मी भरतात, त्यांच्याकडं पुरावा म्हणून असतं ते छोटं पुस्तक. उद्या मशीन बसलं तर भांडण कुणाला करावं लागेल? त्या मावशींनाच ना?

आणि खर्चाचं रडगाणं मला सांगू नका. एक बाहेरची हार्डडिस्क काही हजारांत येते. संचालक मंडळाच्या एका सभेच्या चहा-नाश्त्यात आणि हार-तुऱ्यात तेवढे जातात. दोन डिस्क घ्या, आलटूनपालटून वापरा, एक ऑफिसबाहेर ठेवा. घरच्यासाठी एक पुरते, आठवड्यातून एकदा लावायची आणि काढून ठेवायची. नवीन लॅपटॉप घेतला असेल तर त्यातलं मायक्रोसॉफ्टचं खातं तुमच्याच ईमेलवर आहे ना, हे आजच बघा. आजकाल कितीतरी लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाते. खातं दुकानदारानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं असेल तर किल्ली त्याच्याकडं, आणि दुकान बंद झालं की बसा बोंबलत.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. लाभांश किती, भेटवस्तू काय, हे आपण विचारतोच. यंदा एका सभासदानं उभं राहून एवढंच विचारावं: मागचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर टाकून कधी बघितला, आणि त्यात माझं खातं बरोबर निघालं का? तारीख सांगा म्हणावं, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या.