डोलणारा स्वर आणि कानाचा हिशेब

तुळजापूरला भवानीचा गोंधळ उभा राहिला, की संबळाच्या ठेक्याबरोबर तुणतुण्याचा एकच स्वर अखंड वाजत असतो. त्या स्वराच्या आधाराने गोंधळ्याचा आवाज लांबतो, डोलतो. तरीही तो सुरात आहे की नाही, हे भोवतालचे श्रोते अचूक ओळखतात. हलणाऱ्या स्वराची उंची कानाला कशी उमगते?

सांगलीकडील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींचे गणित मांडले व १९१० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ताणलेल्या तारेची लांबी मोजता येते, स्वराचे गुणोत्तर काढता येते. गळा मात्र तारेसारखा स्थिर राहत नाही.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी गायकांच्या आवाजाचे आलेख घेतले, तेव्हा पाश्चात्त्य गायकांचा स्वर सेकंदास सुमारे सहा-सात वेळा कंप पावताना दिसला. समजा, असा स्वर ४२७ ते ४५३ कंपनांच्या दरम्यान झुलत आहे. कानाला दोन स्वर ऐकू येत नाहीत; मधला, सुमारे ४४० चा, एकच स्वर ऐकू येतो. खात्यातील शिल्लक दररोज बदलली तरी सरासरी एकच निघते, तसाच हा हिशेब. स्वर फारच आखूड असेल, तर मात्र सरासरी पुरती जमत नाही. शेवटच्या भागाचे वजन अधिक पडते.

झोका सावकाश असला, की कान सरासरी काढीत बसत नाही, त्या हालचालीच्या मागोमाग जातो. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधाराचे सौंदर्य याच चालीत आहे.

आजकाल घरोघरी मुलांच्या गाण्यापुढे मोबाइलवरील सूरमापक ठेवला जातो. काटा थरथरला, की मूल बेसूर ठरते आणि ओरडा खाते. एखादे मूल त्या धाकाने गाणेच सोडून देते. काटा क्षणाक्षणाची नोंद दाखवितो. त्या नोंदींची बेरीज करण्याचे काम कानाचे. प्रारंभी स्वर स्थिर लावण्याची साधना हवीच. परंतु निवाडा करण्यापूर्वी पालकांनी तंबोरा लावावा, डोळे मिटावे आणि पूर्ण स्वर ऐकावा. एका नोंदीवरून खातेदाराची पत कोणी ठरवीत नाही. मुलाच्या गळ्याची तरी का ठरवावी?