नुकसानभरपाई ही भीक नव्हे
हप्ता चुकला की बिल्डर लगेच व्याज लावतो. ताबा दोन वर्षे लांबला की ‘जरा सहकार्य करा’ म्हणतो. आपली माणसे कर्ज काढून घर घेतात आणि ‘सही केली, आता काय करणार?’ म्हणून गप्प बसतात. हे गप्प बसणे आम्हाला मान्य नाही.

पायोनियर अर्बन प्रकरणात करारच असा होता : ग्राहकाच्या उशिराला १८ टक्के व्याज, बिल्डरच्या उशिराला ९. ग्राहकाला सहीवाचून पर्यायच नसेल, तर अशा एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

रेराचे कलम १८ सांगते : पैसे व्याजासह परत मागा, किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. पण तक्रारीला मुदत दोनच वर्षांची. गप्प बसण्यात तीच निघून जाते.

आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते. करारावर दोघांच्या सह्या असतात. ताकद मात्र सारखी नसते. म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या प्रत्येकाने एक तरी तक्रार लिहून द्यावी. शिकलो ते कशासाठी?

जय भीम!